चॉकलेट जिभेवरच का वितळते?

मे महिन्यात दप्तरात राहिलेले चॉकलेट वितळते. ते कागदासकट फ्रिजमध्ये ठेवले की थोड्या वेळात पुन्हा घट्ट होते. पण कागद उघडून पाहावे तर मूळचे चॉकलेट काही परत आलेले नसते. तुकतुकी गेलेली असते, काही दिवसांत वर पांढुरके डाग येतात, तोडताना ‘कट्’ असा आवाज होत नाही आणि खाताना ते मेणचट किंवा भुसभुशीत लागते. ‘याला बुरशी आली’ असे म्हणून अनेक घरांत ते टाकून दिले जाते.

आता थोडा विचार करू. चॉकलेट वितळले तेव्हा त्यातून काही बाहेर गेले नाही. ते गोठले तेव्हा बाहेरून काही आत आले नाही. घटक तेच, त्यांचे प्रमाणही तेच. मग चकाकी, आवाज आणि चव बदलली कशाने?

पदार्थाचे गुणधर्म केवळ घटकांवर नाही, तर घटकांच्या मांडणीवरही अवलंबून असतात, हे शिकवताना आपण हिरा आणि ग्रॅफाइट यांचे उदाहरण देतो. उदाहरण चांगले आहे, पण हिरा वर्गात आणता येत नाही आणि त्याचे ग्रॅफाइट करून दाखवता येत नाही. चॉकलेट मात्र आणता येते. तेच तत्त्व त्यात डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते आणि जिभेला कळते.

वडीत असते काय?

कोकोच्या एका फळात साधारण ३० ते ४० बिया असतात. त्या गरासकट पाच-सात दिवस आंबवतात, वाळवतात आणि मग भाजतात. चॉकलेटचा ओळखीचा स्वाद आंबवणे आणि भाजणे या दोन पायऱ्यांतून तयार होतो. भाजलेल्या बीच्या आतल्या गरात निम्म्याहून थोडा अधिक भाग स्निग्ध पदार्थाचा असतो. त्यामुळे शेंगदाणे मिक्सरमध्ये फार वेळ फिरवले की जसे तेल सुटते, तसाच या बियांचाही दळल्यावर तेलकट लगदा होतो.

कित्येक शतके चॉकलेट हे पेय होते. नेदरलँड्समधल्या व्हान हाउटेन यांनी १८२८ मध्ये हा लगदा दाबून त्यातला स्निग्ध पदार्थ वेगळा काढण्याची पद्धत शोधली. या फिकट पिवळ्या पदार्थाला ‘कोको बटर’ म्हणतात. लोण्याशी त्याचा संबंध फक्त नावापुरता. १८४७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथील फ्राय कंपनीने कोको आणि साखर यांच्या मिश्रणात हे कोको बटर जादा घालून साच्यात ओतता येईल असे, खायचे चॉकलेट तयार केले. १८७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या रोडॉल्फ लिंट यांनी ते तासन्‌तास घोटण्याचे यंत्र बनवले आणि चॉकलेट मऊसूत झाले.

आजच्या काळ्या चॉकलेटची वडी म्हणजे साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कण गोठलेल्या कोको बटरमध्ये रुतून बसलेले असतात. हे कण साधारण २० मायक्रोमीटरचे असतात. ३० मायक्रोमीटरच्या वर गेले की जिभेला ते रेतीसारखे जाणवू लागतात. वजनाने वडीचा सुमारे एक तृतीयांश भाग कोको बटरचा. आपला प्रश्न या भागाचा आहे.

एकदम वितळणारा मेद

साजूक तूप थंडीत घट्ट, उन्हाळ्यात पातळ आणि एरवी अर्धेमुर्धे असते. कारण त्यात अनेक प्रकारचे रेणू असतात आणि प्रत्येकाचा द्रवणांक वेगळा. कोको बटरचे तसे नाही. त्यातली नऊ-दशांशाहून अधिक मेदाम्ले तीनच आहेत : पामिटिक, स्टिअरिक आणि ओलेइक. मेदाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. कोको बटरच्या बहुतेक रेणूंत मधली जागा ओलेइक आम्लाची आणि दोन्ही बाजूंना पामिटिक किंवा स्टिअरिक. म्हणजे बहुतांश रेणू तीनच प्रकारचे आणि तेही एकमेकांसारखे. असे रेणू रांगेत नीट बसतात आणि तापमान वाढले की जवळजवळ एकाच वेळी रांग मोडतात.

त्यामुळे कोको बटर २० ते २५ अंश सेल्सिअसला कडक असते आणि ३५-३६ अंशांना पूर्ण द्रव. तोंडातले तापमान नेमके याच्या किंचित वर असते. वितळताना हा मेद अप्रकट उष्मा शोषून घेतो, तो जिभेकडून. चांगले चॉकलेट जिभेवर क्षणभर थंड लागते ते त्यामुळे.

सहा रूपे

येथे एक अडचण आहे. कोको बटरचे तेच रेणू एका नव्हे, सहा प्रकारे रचले जाऊ शकतात. या गुणधर्माला बहुरूपता म्हणतात. विल आणि लटन या संशोधकांनी १९६६ मध्ये क्ष-किरणांच्या साह्याने ही सहा रूपे वेगळी ओळखली. त्यांचे द्रवणांक सुमारे १७, २३, २५.५, २७.५, ३४ आणि ३६ अंश सेल्सिअस असे चढत जातात.

शाळेतले स्नेहसंमेलन संपल्यावर खुर्च्या रचून ठेवतात, ते आठवा. घाई असेल तर त्या कशाही एकमेकींवर टाकल्या जातात. ढीग लवकर होतो, पण जागा जास्त व्यापतो आणि धक्का लागला की कोसळतो. सवड असेल तर खुर्चीत खुर्ची नीट बसवता येते. तो ढीग आटोपशीर आणि पक्का. कोको बटर झटकन थंड केले तर पहिल्या चार रूपांपैकी घाईची रचना होते. पाचवे रूप दाट, घट्ट आणि टिकाऊ. चकाकी, ‘कट्’ आवाज आणि तोंडात वितळणे हे सारे या पाचव्या रूपाचे गुण. हा मेद गोठताना आकसतो, म्हणून वडी साच्यातून अलगद सुटते.

मग पाचवेच रूप कसे मिळवायचे? त्यासाठीच्या प्रक्रियेला टेंपरिंग म्हणतात. काळे चॉकलेट प्रथम ४५-५० अंशांपर्यंत तापवतात, म्हणजे सर्व जुने स्फटिक नाहीसे होतात. मग ढवळत ढवळत २७-२८ अंशांपर्यंत निववतात. आता चौथे आणि पाचवे अशा दोन्ही रूपांचे बारीक स्फटिक तयार होतात. यानंतर ते पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत कोमट करतात. चौथे रूप या तापमानाला वितळते, पाचवे टिकते. उरलेले स्फटिक विरजणासारखे काम करतात. दुधात चमचाभर दही घातले की सगळ्या दुधाचे दही होते, तसे या थोड्या स्फटिकांभोवती बाकीचा मेद त्याच शिस्तीने गोठत जातो. (विरजणात जिवाणू वाढतात, येथे स्फटिक वाढतात, हा फरक मुलांना अवश्य सांगावा.)

पांढरे डाग : बुरशी की स्फटिक?

दप्तरातले चॉकलेट वितळले तेव्हा पाचवे रूप मोडले. फ्रिजमध्ये घाईने गोठताना खालची रूपे तयार झाली. ती अस्थिर असल्याने हळूहळू बदलतात. त्या उलथापालथीत थोडा मेद पृष्ठभागावर येऊन मोठ्या स्फटिकांच्या रूपात साठतो. तोच पांढुरका थर. नीट टेंपर केलेले चॉकलेटही फार दिवस ठेवले तर पाचव्या रूपातून सहाव्यात जाते आणि पांढरट दिसू लागते.

दुसरा थर साखरेचा. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या गार चॉकलेटवर हवेतली वाफ दवासारखी जमते. त्या पाण्यात वरची साखर विरघळते आणि पाणी उडून गेले की खरखरीत साखर मागे राहते. दोन्हींतला फरक ओळखणे सोपे आहे. डागावर ओले बोट फिरवा. विरघळला तर साखर. पाण्याने काही झाले नाही, पण बोटाच्या उबेने चोळल्यावर नाहीसा झाला तर मेद.

हे दोन्ही थर खायला निर्धोक आहेत. साध्या वडीत पाणी जेमतेम एक टक्का असते. बुरशी वाढायला ते पुरत नाही. मात्र आत मलई किंवा फळांचा गर भरलेल्या चॉकलेटची गोष्ट वेगळी. कापसासारखी लव, कुबट वास, जाळी किंवा भोके दिसली तर ते चॉकलेट टाकूनच द्यावे.

ट्रफल आणि ब्राउनी

वितळलेल्या चॉकलेटमध्ये चुकून दोन थेंब पाणी पडले तर सारे मिश्रण घट्ट, दाणेदार गोळा होऊन बसते. साखरेच्या डब्यात ओला चमचा गेल्यावर जे होते तेच हे : साखरेच्या कणांचा पृष्ठभाग चिकट होतो आणि कण एकमेकांना धरतात. मजा अशी की, थोड्या पाण्याने बिघडणारे चॉकलेट जास्त पाण्याने सुधारते. गरम मलई चॉकलेटवर ओतून ढवळली की मलईतल्या पाण्यात साखर विरघळते आणि कोको बटरचे सूक्ष्म थेंब त्या पाण्यात तरंगत राहतात. दुधासारखेच हे एक पायस झाले. मलईतली प्रथिने थेंबांना वेगळे ठेवतात. हे मिश्रण गार करून, गोळे वळून कोकोच्या भुकटीत घोळवले की ट्रफल तयार. मिश्रण फुटून तेल सुटू लागले तर थोडे कोमट दूध घालून ढवळावे. पाण्याचे प्रमाण वाढून पायस पुन्हा जमते. जमिनीखाली वाढणाऱ्या एका महागड्या कवकासारखे दिसतात म्हणून या गोळ्यांना ट्रफल हे नाव पडले. बुरशीच्या भावकीशी चॉकलेटचा एवढाच काय तो संबंध!

ब्राउनीत तर चॉकलेट लोण्याबरोबर वितळवून अंडी, साखर आणि थोड्या मैद्यात मिसळतात व भट्टीत भाजतात. तिचा आकार अंड्यातली प्रथिने आणि मैद्यातले पिष्ट यांमुळे टिकतो, कोको बटरच्या स्फटिकांमुळे नव्हे. म्हणूनच पांढरे पडलेले चॉकलेट ट्रफलला आणि ब्राउनीला अगदी चालते. ४५ अंशांच्या वर गेल्यावर मेदाला आपण पूर्वी कोणत्या रूपात होतो याची आठवण राहत नाही.

हाच नियम दुपारच्या चहालाही लागू पडतो. गरम चहाच्या घोटानंतर तोंड उबदार असते, म्हणून चॉकलेटचा तुकडा झटकन वितळून स्वाद मोकळा होतो. आइस्क्रीमबरोबर तोच तुकडा मेणासारखा लागतो, कारण तोंड ३४ अंशांच्या खाली गेलेले असते.

उष्ण प्रदेशातला प्रश्न आणि कोकम

चॉकलेटची वडी घडली ती थंड हवेच्या देशांत. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेथे ३४ अंशांचे पाचवे रूप काय टिकणार? यावरचा एक स्वस्त उपाय म्हणजे कोको बटर काढून त्याऐवजी दुसरा वनस्पतिजन्य मेद घालणे. अशा ‘कंपाउंड’ला टेंपरिंग लागत नाही, पण ते तोंडातही तसे एकदम वितळत नाही. वेष्टनावरची घटकांची यादी वाचली की फरक कळतो.

दुसरा उपाय आपल्या कोकणात आहे. आमसुले करताना उरणाऱ्या बियांपासून निघणारे कोकमतेल, म्हणजेच भिरंडेल, पायांच्या भेगांना लावतात ते आपल्याला माहीत आहे. ‘तेल’ म्हटले तरी ते घट्ट असते. त्याच्या बहुतेक रेणूंत मध्ये ओलेइक आणि दोन्ही बाजूंना स्टिअरिक आम्ल असते. कोको बटरचीच ही घडण! त्यामुळे ते कोको बटरच्या रांगेत बसते. मात्र स्टिअरिकचे प्रमाण जास्त असल्याने त्याचा द्रवणांक ४० अंशांच्या आसपास आहे. थोडे कोकमतेल मिसळल्यास चॉकलेट उष्णतेत अधिक टिकते, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील प्रयोगांनी दाखवले आहे. युरोपीय संघाने २००० मध्ये चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतिजन्य मेदांना मान्यता दिली, त्यांत कोकम, साल आणि आंब्याची कोय ही तीन नावे आपल्या ओळखीची आहेत. अर्थात प्रमाण जपावे लागते. कोकम फार झाले तर चॉकलेट उन्हात टिकेल, पण तोंडातही टिकून राहील!

वर्गात करून पाहा

हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करावा. ज्याच्या घटकांत कोको बटर आहे आणि दुसरा मेद नाही असे काळे चॉकलेट घ्या. त्याचे बारीक तुकडे करून एक चतुर्थांश बाजूला ठेवा. उरलेले कोरड्या भांड्यात घालून गरम पाण्यावर धरून ४५ अंशांपर्यंत वितळवा. वाफ किंवा पाणी आत जाऊ देऊ नका.

निम्मे मिश्रण कागदी कपात ओतून लगेच फ्रिजमध्ये ठेवा. उरलेले निम्मे ३४ अंशांपर्यंत निवू द्या, बाजूला ठेवलेले तुकडे त्यात घालून ढवळत ३१-३२ अंशांवर आणा, न वितळलेले तुकडे काढून टाका आणि कपात ओतून गार जागी ठेवा. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने दोन्हींची चकाकी, तुटतानाचा आवाज आणि डाग यांची नोंद करा. प्रयोगशाळेतला तापमापक वापरला असेल तर ते चॉकलेट कोणीही खाऊ नये. पाऱ्याचा तापमापक तर अजिबात वापरू नये.

जोडीला खोबरेल, तूप, वनस्पती तूप, कोको बटर आणि कोकमतेल यांचे थोडे थोडे नमुने काचनळ्यांत घेऊन पाण्यात हळूहळू तापवा. कोणता मेद कोणत्या तापमानाला मऊ होऊ लागतो आणि कोणत्या तापमानाला पूर्ण पातळ होतो, या दोन्ही आकड्यांचा तक्ता करा. दोन आकड्यांतले अंतर सर्वांत कमी कोणाचे? मुलांना आधी अंदाज करायला लावा आणि मग नळ्या पाण्यात सोडा. तुमच्या तक्त्यांची आम्ही वाट पाहतो.