मासा किती भरला? काटा काय सांगतो?

पहिल्या पावसात वांगणी गावची खाचरं भरली, की उल्हास नदीतले मासे ओढ्यांनी वर चढू लागतात. ठाणे-रायगडकडे याला वलगण म्हणतात. एरवीही नदीकाठी गळ टाकून तासन्‌तास बसणारे हौशी असतातच. मरळ किंवा कटला हाती लागला, की पहिला प्रश्न ठरलेला : किती भरला? उत्तर काटा देतो, पण काट्याविषयीच गैरसमज फार आहेत.

गैरसमज : डिजिटल काटा चुकत नाही.

वस्तुस्थिती : या काट्यात लोडसेल नावाचा धातूचा भाग असतो. वजन लटकलं की तो किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. पडद्यावर 2.34 किलो उमटलं, म्हणून वजन 10 ग्रॅमपर्यंत बरोबर आहे असं ठरत नाही. बॅटरीचा सेल उतरला, आत ओल गेली किंवा काटा खडकावर आपटला, तर आकडा सरकतो. मासा फडफडत असतानाच आकडा ‘होल्ड’ झाला, म्हणजे पडद्यावर गोठला, तर चुकीचाच आकडा पक्का होतो.

गैरसमज : स्प्रिंगचा काटा आता निकामी.

वस्तुस्थिती : भाराच्या प्रमाणात स्प्रिंग ताणली जाते, हा रॉबर्ट हूक यांनी 1678 मध्ये प्रसिद्ध केलेला नियम आजही तेवढाच खरा आहे. या ताणकाट्याला सेल लागत नाही, त्यामुळे भर पावसात तो उपयोगी पडतो. मात्र गंज किंवा क्षमतेपेक्षा जास्त भार त्याला बिघडवतो. रिकामा असताना सुई शून्यावर येत नसेल, तर त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

गैरसमज : क्षमता जितकी मोठी, तितका काटा चांगला.

वस्तुस्थिती : 1946 मध्ये काबिनी नदीत गळाला 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महाशीर लागला होता. तसा मासा रोज लागत नाही. मोठ्या क्षमतेच्या काट्यावर मापाच्या पायऱ्या बहुधा मोठ्या असतात, त्यामुळे अर्ध्या किलोच्या मरळीचं वजन ढोबळच कळतं. नेहमीचे मासे दोन-तीन किलोंचे असतील, तर 10-15 किलोंचा काटा पुरतो.

गैरसमज : नवा काटा तपासायची गरज नाही.

वस्तुस्थिती : गरज असते, आणि तपासणी सोपी आहे. किराणा दुकानातल्या, वैधमापनशास्त्र विभागाचा चालू शिक्का असलेल्या काट्यावर तांदळाच्या दोन पिशव्या मोजून घ्याव्यात, एक 2 किलोंची, दुसरी 5 किलोंची. त्याच आपल्या काट्याला लटकवून आकडे जुळतात का ते पाहावं. विक्रीसाठी वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी कायद्याने बंधनकारक आहे. बिनशिक्क्याच्या हौशी काट्यावर मासे विकता येत नाहीत.

मासेमारीतल्या विक्रमांची नोंद ठेवणारी, 1939 मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था इगफादेखील मागच्या 12 महिन्यांत प्रमाणित झालेल्या काट्यावरचं वजन मागते. डुलत्या होडीतलं वजन तिथे चालत नाही आणि पिशवीचं वजनही वजा करावं लागतं.

गैरसमज : कल्ल्यात आकडा अडकवून मोजलं तरी माशाला काही होत नाही.

वस्तुस्थिती : कल्ले नाजूक असतात आणि जिवंत माशाला तिथे झालेली इजा जिवावर बेतते. वलगणीच्या दिवसांत बऱ्याच माद्यांच्या पोटात गाबोळी असते, म्हणून मासा परत सोडायचा असेल तर जाळीची पिशवी आधी पाण्यात भिजवावी, ती लटकवून काटा शून्यावर आणावा, मग मासा तिच्यात आडवा ठेवून वजन घ्यावं आणि लगेच त्याला पाण्यात सोडावं.