धक्क्यावरचं मुशीशास्त्र

वाशिम जिल्ह्यातल्या रिठदपासून अरबी समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरांहून लांब. तरीही या पट्ट्यातून बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या जुन्या पिढीला शार्क अनोळखी नाही. फॉर्मालिनचा उग्र वास, मेणाच्या थाळीत टाचण्यांनी पसरलेला मासा आणि त्याच्या डोक्यातले मज्जातंतू सोडवताना झालेली दमछाक, एवढ्या भांडवलावर ‘स्कॉलिओडॉन’ हे नाव त्यांच्या कायमचं लक्षात राहिलं. लखनौला शिकवणाऱ्या ई. एम. थिल्लयमपलम या विदुषींनी १९२८ साली या माशावर पुस्तक लिहिलं आणि पुढे भारतभर हाच शार्क विच्छेदनाच्या टेबलावर आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये ही विच्छेदनं थांबवली, ते बरंच झालं. पण हा मासा कुठे राहतो, किती पिलं देतो, हे त्या टेबलावर फारसं कुणी विचारत नव्हतं.

ते प्रश्न विचारले गेले मुंबईत. ससून डॉकला आणि भाऊच्या धक्क्यावर जिला मुशी म्हणतात, ती बहुतेक वेळा हाच स्कॉलिओडॉन असते. मालवणात छोट्या शार्कना मोरी म्हणतात. १९४०च्या दशकात मुंबई सरकारच्या मत्स्य खात्यातले डॉ. एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर यांनी मुंबईच्या शार्क आणि पाकटांच्या प्रजननावर शोधनिबंधांची मालिकाच लिहिली. त्याआधी १९४३ मध्ये सारंगधरांनी वाघशार्कच्या आहार-प्रजननावर लिहिलं होतं. काळ लक्षात घ्या. महायुद्धामुळे युरोपातून येणारं कॉड माशाचं तेल आटलं होतं आणि ‘अ’ जीवनसत्त्वासाठी मुंबई आणि मद्रास इलाख्यांत शार्कच्या यकृताचं तेल काढणं सुरू झालं होतं. यकृतासाठी मासे फाडले जात असताना पोटातल्या पिलांकडेही शास्त्रज्ञांचं लक्ष जावं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

आणि पाहण्यासारखं तिथे खरंच होतं. मुशी अंडी घालत नाही. जिवंत पिलं देते. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं असतं, पिलं देणाऱ्या शार्कमध्ये सर्वांत लहान. एवढ्याशा बलकावर पिलू पोसणार कसं? म्हणून गर्भ फार लवकर आईला वार आणि नाळेने जोडला जातो, आणि त्या नाळेवर बारीक तंतूंचे झुपके असतात. पाच-सहा महिन्यांनी बारा ते पंधरा सेंटिमीटरची पिलं बाहेर येतात. एका खेपेला साधारण सहा ते अठरा. बांगड्याची मादी अंडी सोडते ती हजारोंनी. जाळ्यात सापडलेल्यांची तूट तिथे लवकर भरते. मुशीचा हिशोब मोजका. त्यातही मुशी शार्कमध्ये लवकर वयात येणारी आणि पुष्कळ पिलं देणारी, म्हणूनच ती अजून धक्क्यावर दिसते. मोठ्या शार्कना वयात यायला वर्षानुवर्षं लागतात.

सेटना-सारंगधरांच्या १९४८ च्या एका निबंधात करवत मासा आणि लांब नाकाचा मोठा गिटार मासा, यांच्या गर्भवाढीच्या नोंदी आहेत. हे दोन्ही पाकटांच्या गटातले, शार्कचे निकटचे नातलग. करवत माशाची करवत आईच्या पोटात असताना आवरणाखाली असते, म्हणून आईला इजा होत नाही. पण हीच करवत पुढे जाळ्यात अडकते आणि मग सुटका नाही. गाभण माद्या पाहून निबंध लिहावा इतपत हे मासे तेव्हा मुंबईत येत होते. आज दोन्ही गट जगभर नामशेष होण्याच्या काठावर आहेत. आपल्या समुद्रात पूर्वी काय होतं याचा पुरावा अशा जुन्या नोंदींतच उरला आहे, आणि त्या जवळजवळ सगळ्या मेलेल्या माशांवरून घेतलेल्या. आपलं शार्कविज्ञान धक्क्यावर वाढलं. कोळणींच्या टोपल्यांशेजारी पट्टी घेऊन बसणारा माणूस हाच त्याचा कणा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं आजही बंदरांवर तेच करतात. जात ओळखायची, लांबी मोजायची, नर की मादी पाहायचं, नोंद करायची. या कामाला झगमगाट नाही, पण त्यावाचून कुठलंही धोरण आंधळंच.

कायदा त्यामानाने अलीकडचा. गुजरातच्या किनाऱ्यावरची व्हेल शार्कची कत्तल माइक पांडे यांच्या माहितीपटाने दाखवली आणि मे २००१ मध्ये त्या महाकाय, निरुपद्रवी माशाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण मिळालं. जुलैत सरकारने एका फटक्यात सगळ्याच शार्क-पाकटांची मासेमारी बंद केली. मच्छीमारांनी आवाज उठवला, आणि डिसेंबरात यादी मोजक्या जातींवर आली. माझ्या मते मच्छीमारांचा राग रास्त होता. मुशी मुद्दाम पकडायला फारसं कुणी जात नाही. ती डोलीत, ट्रॉलच्या जाळ्यात इतर मासळीबरोबर येते. कागदावरची बंदी जाळ्याला समजत नाही. २०१५ मध्ये शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी आली, आणि सुधारित कायद्याने २०२३ पासून आणखी जाती अनुसूचींत गेल्या.

महाराष्ट्राने त्यापेक्षा शहाणपणाची एक गोष्ट केली. डिसेंबर २०१८ मध्ये मत्स्य विभाग आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाने योजना आणली : संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि तो सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ. व्हेल शार्क, कासवं अशी सुटली. शिवाय मच्छीमारांनी काढलेली ही चित्रं म्हणजे जिवंत माशांच्या नोंदी, ज्यांची आपल्या विज्ञानात आजवर वानवा होती.

राहिला प्रश्न ताटाचा. दिव्या कर्नाड, दीपानी सुतारिया आणि रिमा जाबाडो यांनी गुजरात-महाराष्ट्रातल्या मच्छीमारांशी बोलून २०२० मध्ये निष्कर्ष मांडला, की इथल्या शार्कवरचा ताण परांच्या परदेशी सूपमुळे कमी आणि स्थानिक मागणीमुळे जास्त आहे. लहान शार्कना आणि पिलांना गिऱ्हाईक आहे. मालवणचं मोरीचं मटण किंवा बाळंतिणीला दिलं जाणारं मुशीचं कालवण बंद करा, असं मी म्हणणार नाही. ते कुणी ऐकणारही नाही. पण २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीला किमान आकार ठरवून दिला, त्यामागचं तत्त्व गिऱ्हाइकालाही पाळता येतं. मुशी साधारण पस्तीस सेंटिमीटरची झाली की वयात येते. तेव्हा बाजारात दीड वितीपेक्षा लहान मुशी समोर आली तर घेऊ नका, आणि का घेत नाही तेही कोळीणबाईंना सांगा.