ट्रॅक्टरचा विमा : कोणता व कशासाठीं?

आमच्या जवळा बाजार येथें ट्रॅक्टर दारीं आला, कीं पेढे वांटले जातात. विम्याचा कागद मात्र न वाचतांच पेटींत जातो. संकट आल्यावर तो मजसारख्या जुन्या मास्तराकडून वाचवून घेतात. आपणांपैकीं पुष्कळांची शेती गांवीं आहे, म्हणून हें निवेदन.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें त्रयस्थ-विमा सक्तीचा केला आहे. आपल्या वाहनानें परक्याचें नुकसान झाल्यास त्याची भरपाई त्यांतून होते. परंतु आपला ट्रॅक्टर उलटला, जळाला वा चोरीस गेला, तर एक पैही मिळत नाहीं. त्यासाठीं सर्वंकष विमा हवा. कर्जाच्या ट्रॅक्टरास तो अवश्य घ्यावा. वाहन गेलें तरी कर्जाचे हप्ते सुटत नाहींत. ट्रॉलीची नोंद विमापत्रांत निराळी पाहावी. स्वतः हांकणाऱ्या मालकानें १५ लाखांचा वैयक्तिक अपघात-विमाही घ्यावा.

आणखी एक. ट्रॅक्टरावर आसन एकच, तें चालकाचें. शेतकामाच्या विम्यांत मडगार्डवर बसलेला पाहुणा किंवा ट्रॉलींतलें वऱ्हाड येत नाहीं. अपघात घडल्यास भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येऊं शकतो.

तेव्हां हप्ता किती, हें विचारण्यापूर्वीं या कागदांत कोण बसतें व कोण बसत नाहीं, हें विचारावें.