बर्डेकिनचा गाळ आणि प्रवाळांची उभारी

क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगत २,३०० किलोमीटर पसरलेल्या ग्रेट बॅरिअर रीफमध्ये बर्डेकिन नदीच्या पुरांची नोंद प्रवाळांच्या सांगाड्यातच सापडते. पोराइट्स प्रवाळांचे घुमट वर्षाला जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वाढतात. त्यांना भोक पाडून काढलेला दांडा अतिनील प्रकाशात धरला, की पुराच्या वर्षांचे पट्टे उजळून दिसतात. पीटर इस्डेल यांनी हे १९८४ मध्ये दाखवून दिले. पुढे २००३ मध्ये अशाच दांड्यांतील बेरियम मोजले गेले. ते नदीच्या गाळाला चिकटून येते, खाऱ्या पाण्यात सुटे होते आणि सांगाड्यात कॅल्शियमची जागा घेते. साधारण १८७० पासून, युरोपीय वसाहतींची गुरे-मेंढ्या खोऱ्यात चरू लागल्यावर, पुराबरोबर समुद्रात जाणारा गाळ पाच ते दहा पटींनी वाढल्याचे या मोजणीतून निघाले.

विसाव्या शतकात किनारपट्टीवर ऊस वाढला आणि खतांतला नत्रही समुद्रात जाऊ लागला. गढूळ पाण्यात प्रवाळातील शैवालाला ऊन मिळेना. नत्रावर प्लवक माजते आणि प्रवाळ खाणाऱ्या काटेरी मुकुट तारामाशाची पिल्ले त्या प्लवकावरच पोसली जातात. ग्रेट बॅरिअर रीफवर या तारामाशाचा पहिला नोंदला गेलेला मोठा उद्रेक १९६२ मध्ये ग्रीन बेटावर झाला.

मग उष्णतेच्या लाटा आल्या: १९९८, २००२ आणि सर्वांत भीषण २०१६. त्या वर्षी उत्तरेकडचे, तुलनेने स्वच्छ पाण्यातले प्रवाळही पांढरे पडून मेले. टोकाच्या उष्णतेपुढे स्वच्छ पाण्याची ढाल टिकत नाही, हे कटू सत्य मान्य करावेच लागते. पण एवढ्याने पाण्याचा प्रश्न बाजूला पडत नाही. गाळ-नत्र कमी असलेल्या भागांत प्रवाळ आघातानंतर लवकर सावरतात, हे २०१९ च्या विश्लेषणात दिसले. नव्या पिल्लांना बसायला गाळ नसलेला खडक लागतो; शेवाळाने व्यापलेल्या जागी ती रुजत नाहीत.

पाणी सुधारण्याची पहिली सरकारी योजना २००३ ची. २०१९ मध्ये क्वीन्सलँडने शेतीवरचे नियम कडक केले. २०२५ पर्यंत विरघळलेला नत्र ६० टक्क्यांनी आणि बारीक गाळ २५ टक्क्यांनी घटवण्याचे ठरले. नदीकाठाला कुंपण घालून गुरे रोखणे, खचलेल्या घळी बुजवणे, उसाला मातीच्या गरजेइतकेच खत देणे, हे त्यातले मुख्य उपाय. प्रगती संथ राहिली आणि हा विलंब महाग पडतो आहे. २०१६ नंतर २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्येही प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. सावरायला मात्र वेगाने वाढणाऱ्या प्रवाळांनाही साधारण दहा वर्षे लागतात.