सजावटीची पाने पिवळी का पडतात?

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर आणि भोवतालचा करमाळा तालुक्याचा पट्टा उजनी धरणाच्या पाण्यामुळे केळीसाठी नावारूपास आला. केळी पिकवण्याच्या खोलीतील इथिलीन वायू आपल्या बागवान बांधवांच्या परिचयाचा आहे. मात्र केळी पिकवणारा हाच वायू मंडपाच्या सजावटीची हिरवी पाने खराब करू शकतो. सेहरे, हार व मंडपाची कामे करणाऱ्या कारागिरांनी यामागील कारण समजून घेतले पाहिजे.

पान तोडले तरी ते लगेच मरत नाही. त्याचा श्वास चालूच असतो. पानाला तरुण ठेवणारे सायटोकायनिन हे संप्रेरक मुख्यतः मुळांत तयार होऊन वर चढते. देठ कापला की हा पुरवठा तुटतो. पानातील प्रथिने व हरितद्रव्य मोडू लागतात आणि आत दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. १९५७ साली रिचमंड व लँग या शास्त्रज्ञांनी तोडलेल्या पानांना याच गटातील कायनेटिन देऊन त्यांचे पिवळे पडणे लांबवून दाखवले. लिलीसारख्या काही जातींत जिबरेलिन हे संप्रेरकही असेच काम करते.

याउलट इथिलीन व अ‍ॅब्सिसिक आम्ल पानाचे म्हातारपण लवकर आणतात. पिकती फळे, सडकी फुले आणि वाहनांचा धूर यांतून इथिलीन सुटतो. तो अल्प प्रमाणात असला तरी नाजूक जातींची पाने पिवळी पडतात किंवा गळतात. काही जातींवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. त्या पाण्याअभावीच सुकतात.

म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१) पाने आणि पिकणारी केळी एका खोलीत किंवा एका टेम्पोत ठेवू नयेत.

२) पाने पहाटे तोडावीत, देठ धारदार सुरीने पुन्हा कापून स्वच्छ पाण्यात ठेवावेत आणि माल सावलीत, हवेशीर जागी ठेवावा.

३) पिवळी पाने व कुजकी फुले रोज वेगळी काढावीत.

४) संप्रेरकाचे औषध वापरायचे झाल्यास आधी दहा-वीस पानांवर प्रयोग करून पाहावा. मात्रा जास्त झाल्यास नुकसान होते.

५) असे औषध विड्याच्या किंवा जेवणाच्या पानांना मुळीच लावू नये.

लग्नाच्या आदल्या रात्री माल पिवळा पडला तर पैसा जातो आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही जातो. पाने केळीपासून दूर ठेवायला मात्र एक पैसाही लागत नाही.