तेल केसांचं, मुरूम कपाळावर

पनवेलचं आयुर्वेदाशी जुनं नातं आहे. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली 'श्री धूतपापेश्वर' हा औषधांचा कारखाना इथेच काढला. तेल अंगाला लागलेलं बरं, ही इथल्या घरांत पक्की समजूत. कोरड्या त्वचेला ते बरंही असतं. मुरुमांच्या चेहऱ्याचं गणित मात्र वेगळं आहे.

"खोबरेल जंतू मारतं, मग मुरुमांना लावायला काय हरकत?" असं हमखास विचारलं जातं. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि प्रयोगशाळेत ते मुरुमांच्या जिवाणूंना मारतं, हे खरं आहे. पण तेलात ते मोकळं नसतं, इतर घटकांशी बांधलेलं असतं. शिवाय मुरूम नुसत्या जंतूंनी होत नाही. मृत पेशी आणि त्वचेचं स्वतःचं तेल साचून रंध्राचं तोंड बुजतं, तिथून त्याची सुरुवात होते. वरून चोपडलेलं जड तेल त्यात भरच घालतं.

चेहऱ्याला तेलाचं बोट न लावणाऱ्यांनाही हा त्रास होतो. चापून तेल लावलेल्या केसांतून ते पनवेलच्या दमट उकाड्यात घामाबरोबर कपाळावर उतरतं. रात्री उशीच्या अभ्र्यावरून गालाला लागतं. मग केसांच्या रेषेलगत बारीक, एकसारख्या पुटकुळ्या उठतात. अमेरिकेत डॉ. अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९७० साली याच प्रकाराला 'पोमेड अ‍ॅक्ने' म्हटलं.

म्हणून सगळीच तेलं वाईट, हेही चूक. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि मुरूम येणाऱ्यांच्या त्वचेच्या तेलात नेमकं तेच कमी आढळतं. तेवढ्यावरून करडईला औषध मात्र म्हणता येत नाही. कोकमाचं मुठेल भेगाळलेल्या टाचांना उत्तम. ते तिथेच वापरावं. बाटल्यांवरचे 'रंध्रं बुजवत नाही' हे शिक्केही डोळे झाकून मानू नयेत. कोणतं तेल रंध्रं किती बुजवतं, याचे जुने गुणांक बरेचसे सशाच्या कानावरच्या चाचण्यांतून आले आहेत.

टी ट्री तेलाला थोडा पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात १९९० साली ५ टक्के टी ट्री जेलने मुरूम कमी झाले, पण बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरुमांवरच्या औषधापेक्षा सावकाश. निव्वळ तेल लावलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते.

केसांना तेल न्हाण्याआधी तासभर लावा, कपाळ धुवा, अभ्रा वरचेवर बदला. तरीही मुरूम हटले नाहीत किंवा खड्डे पडू लागले, तर नवी बाटली आणू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.