फुलांचं राज्य कधी संपलं?

साठच्या दशकातल्या तरुणांचं स्वप्न कधी विरलं, असं विचारलं की बहुतेक जण ६ डिसेंबर १९६९ ही तारीख सांगतात. कॅलिफोर्नियात आल्टमाँटच्या मोटार-शर्यतीच्या मैदानावर त्या दिवशी रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम रंगात असताना मेरेडिथ हंटर या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला भोसकून मारण्यात आलं. मारणारा हेल्स एंजल्स या मोटरसायकल टोळीतला होता आणि ही टोळी तिथे बंदोबस्ताला म्हणून आलेली होती. जेमतेम चार महिन्यांपूर्वी वुडस्टॉकच्या संगीत-महोत्सवातल्या चिखलात सुमारे चार लाख माणसं गुण्यागोविंदाने राहिली होती. त्यामुळे आल्टमाँटचा शेवट गोष्टीला फार शोभतो. मला मात्र ही तारीख उशिराची वाटते. ज्या वस्तीत हे सगळं फुललं, तिथल्या लोकांनी दोन वर्षं आधीच, ६ ऑक्टोबर १९६७ला, शवपेटी खांद्यावर घेऊन ‘हिप्पी’ची अंत्ययात्रा काढली होती.

ती वस्ती म्हणजे सॅन फ्रॅन्सिस्कोमधली हेट-अ‍ॅशबरी. जुनी, मोठाली लाकडी घरं, आणि बरेचसे सुखवस्तू लोक उपनगरांत गेल्यामुळे उतरलेली भाडी. पाच-सहा जणांनी मिळून एक घर घ्यायचं, मिळेल ते काम करायचं, नाही मिळालं तरी निभायचं. महायुद्धानंतरची अमेरिका इतकी सुबत्तेत होती, की नोकरी सोडणाऱ्याला दुसरी मिळेल याची खात्री असे. या भरवशाचा उल्लेख त्या पिढीच्या आठवणींत फारसा सापडत नाही. हातात असतं तोवर कोण मोजतं?

त्या वस्तीतल्या डिगर्सबद्दल मला आजही आदर आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पडीक सार्वजनिक जमीन कसणाऱ्या बंडखोरांचं नाव या नाटकवाल्या पोरांनी घेतलं होतं. बाजारातून मागून आणलेल्या, प्रसंगी ढापलेल्या भाजीचा रस्सा ते उद्यानात येईल त्याला फुकट वाढत. त्यांच्या दुकानात कुठल्याच वस्तूला किंमत नव्हती. भाषणं न देता नवा समाज चालवून दाखवायचा, हा त्यांचा बाणा. पण भाजी आणणं, चिरणं, शिजवणं बहुतांशी बायकांकडेच होतं. नव्या जगातही चूल जुन्याच हातात राहिली. पुढे १९७०मध्ये स्त्रीवादी लेखिका रॉबिन मॉर्गन यांनी न्यूयॉर्कच्या ‘रॅट’ या चळवळीतल्या पत्रातून बंडखोर पुरुषांना जाहीर रामराम ठोकला, त्यामागे अशाच अनुभवांची साठवण होती.

जानेवारी १९६७मध्ये गोल्डन गेट पार्कात वीस-तीस हजारांचा मेळा भरला. कवी गिन्सबर्ग होते, एलएसडीचे प्रचारक टिमथी लिअरी होते. मग वर्तमानपत्रं आली, टीव्ही आला. ‘टाइम’ने हिप्पींना मुखपृष्ठावर घेतलं, पर्यटकांच्या बसगाड्या हिप्पी दाखवायला हेट स्ट्रीटवरून फिरू लागल्या. त्या उन्हाळ्यात ७५ हजार ते एक लाख पोरं आली असावीत, असा अंदाज आहे. कित्येक जण घरातून पळालेली, अल्पवयीन, खिसा रिकामा. फुकटचा रस्सा इतक्यांना कुठून पुरणार? एलएसडीच्या जोडीला स्पीड आणि हेरॉइन आलं, कावीळ आली, गुप्तरोग आले, बलात्कार झाले. जूनमध्ये डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी तिथे मोफत दवाखाना उघडला, तो अखंड भरलेला असे. त्याच वर्षी तुरुंगातून सुटलेला आणि पुढे हत्याकांडामुळे कुप्रसिद्ध झालेला चार्ल्स मॅन्सनही याच गल्ल्यांत चेले गोळा करत होता.

म्हणजे ‘प्रेमाचा उन्हाळा’ म्हणून गाजलेल्या त्या उन्हाळ्याला बाहेरच्या शत्रूने मारलं नाही. तो स्वतःच्याच प्रसिद्धीने गुदमरला.

मग १९६९पर्यंत या बंडाचा जोर टिकला कसा? युद्धामुळे. व्हिएतनामला जावं लागण्याची भीती प्रत्येक तरुणाच्या घरात होती. आल्टमाँटच्या पाच दिवस आधी, १ डिसेंबरला, वॉशिंग्टनमध्ये लष्करभरतीची सोडत निघाली. काचेच्या बरणीत ३६६ निळ्या कुप्या, प्रत्येकीत एक जन्मतारीख. ज्याची तारीख शेवटी निघाली, तो जवळजवळ सुटला. सगळ्यांची असलेली भीती एका चिठ्ठीसरशी ज्याची त्याची झाली. मे १९७०मध्ये केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात मेले, तेव्हा देशभरची महाविद्यालयं पुन्हा पेटली खरी. पण १९७३मध्ये सक्तीची भरती थांबली, त्याच वर्षी तेल महागलं आणि मे १९७५पर्यंत बेकारी नऊ टक्क्यांवर गेली. आता नोकरी सोडून देणं परवडणारं नव्हतं.

आपल्याकडे हिप्पी पोचले ते या उतरणीच्या काळात. ‘हरे रामा हरे कृष्णा’ हा चित्रपट १९७१चा, गोव्यातल्या हणजुणे-कळंगुटच्या किनाऱ्यांवरची गर्दी सत्तरीतली आणि पुण्याच्या कोरेगाव पार्कातला रजनीश आश्रम १९७४चा. समाज बदलायला निघालेल्यांपैकी बरेच जण एव्हाना स्वतःला बदलण्याच्या शोधात होते, आणि मराठी माणसाने हिप्पी म्हणून पाहिले ते मुख्यतः हेच.

१९६७मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या सज्जातून नोटा उधळणाऱ्यांत असलेला जेरी रुबिन १९८०मध्ये वॉल स्ट्रीटवर नोकरीला लागला, ही कथा सगळे चवीने सांगतात. तिच्यावरून अख्ख्या पिढीला दांभिक ठरवणं सोपं आहे, आणि चुकीचं. समाजशास्त्रज्ञ डग मॅकअ‍ॅडम यांनी १९६४मध्ये मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार-नोंदणीसाठी गेलेल्या तरुणांचा वीसेक वर्षांनी माग काढला. निवड होऊनही ऐन वेळी न गेलेल्यांशी तुलना केली, तेव्हा गेलेले लोक मध्यमवयातही चळवळींत जास्त सक्रिय होते आणि त्यांची कमाई कमी होती.